सतराव्या वर्षी कुठल्या कपाटात हात घालायचा?

नमस्कार ताई,

बाकीच्या वाचकांसाठी तुमच्या पत्राचा सारांश आधी सांगते. तुमची मुलगी सतरा वर्षांची, सेमी-इंग्रजीतून शिकलेली, आता बारावी सायन्सला. पाचवी-सहावीत फास्टर फेणेची पारायणं झाली, मग मराठीतून हॅरी पॉटर झाला, आणि नववीनंतर वाचन जे सुटलं ते सुटलंच. आता रात्री मोबाइलवर अ‍ॅनिमे आणि अंतराळातले सिनेमे चालतात. वाढदिवसाला तुम्ही हौसेनं आणलेलं पुस्तक तिनं दोन पानं चाळून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आई, हे लहान मुलांचं आहे." तुमचे प्रश्न तीन: साहसाच्या आणि विज्ञानाच्या कोणत्या कादंबऱ्या तिला द्याव्यात, त्यातल्या शिव्या-मारझोडीचं काय करायचं, आणि मुळात बारावीच्या वर्षात हा उद्योग करावा का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: करावा. रात्री अकराला कादंबरी हातात नसली म्हणून ती केमिस्ट्री उघडणार नाही, मोबाइलच उघडणार. तेव्हा पुस्तकाची स्पर्धा अभ्यासाशी नाहीच. परीक्षेच्या तोंडावर ती स्वतःच आवरतं घेईल, एवढा विश्वास सतराव्या वर्षी टाकायला हरकत नाही.

आता पुस्तकांकडे. "लहान मुलांचं आहे" हे तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मराठीत बालवाचकांसाठी बरंच काही आहे. बालभारतीचं 'किशोर' 1971पासून निघतंय, भा. रा. भागवतांनी तर एकट्यानं दोन-तीन पिढ्या पोसल्या. पण चौदाव्या वर्षानंतर हे कपाट संपतं आणि पुढचं थेट मोठ्यांचं लागतं. मधलं कपाट आपल्याकडे कुणी नीट भरलंच नाही. म्हणून मोठ्यांच्याच कपाटात हात घालायचा, फक्त कुठला खण ते ठरवून.

मी लावते ती कसोटी साधी आहे. फुरसुंगीचा बन्या 'ट्टॉक' करून चोर पकडतो आणि गोष्ट संपते, त्याला कुणी जाब विचारत नाही. दहाव्या वर्षी तेच हवं असतं. सतराव्या वर्षी मात्र कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं निर्णय घेतलेला आणि त्याची किंमत मोजलेली वाचायची भूक असते, कारण घरात आणि क्लासमध्ये सगळे निर्णय दुसरेच घेत असतात. नायकाला काम येत असावं, काम अवघड असावं आणि चुकलं तर निस्तरायला दुसरं कुणी नसावं. एवढं पुस्तकात असेल तर त्यात रॉकेट आहे की घाटरस्ता, याला फारसं महत्त्व नाही.

म्हणूनच पहिलं नाव विज्ञानकथेचं नाही. प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' द्या. विश्वनाथ मेहेंदळे हा मुंबईतला तरुण सिव्हिल इंजिनिअर चांगली नोकरी सोडून सीमेवर रस्ते बांधणाऱ्या बॉर्डर रोड्समध्ये दाखल होतो. सतलजच्या दरीत एक उभा कडा आहे, रारंगचा, आणि तो फोडून रस्ता पुढे न्यायचा आहे. खाली नदी, वर सुटलेले दगड, मधे सुरुंग लावणारे मजूर आणि कागदावर दिल्लीहून आलेली मुदत. यात खलनायक नाही. वरिष्ठ अधिकारी चांगले आहेत, नियमांनाही कारणं आहेत, तरी विश्वनाथला जे बरोबर वाटतं ते नियमात बसत नाही आणि गोष्ट कोर्ट मार्शलपर्यंत जाते. पेंढारकर फिल्म्स डिव्हिजनमध्ये माहितीपट करणारे, त्यामुळे लिहिताना कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. वर्णनाचा फापटपसारा नाही. पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगचे फॉर्म भरणाऱ्या मुलीला 'इंजिनिअर असणं' म्हणजे काय, हे कुठल्याही करिअर मार्गदर्शनापेक्षा यातून जास्त कळेल. आवडली, तर त्यांचीच 'चक्रीवादळ' पाठोपाठ द्या. आंध्रच्या किनाऱ्यावर 1977 साली आलेल्या वादळाची ती कादंबरी आहे. जड आहे, पण खरी आहे.

मग नारळीकर. इथे बहुतेक पालक गडबड करतात, सरळ जाडी कादंबरी आणतात. नारळीकरांची खरी ताकद कथेत आहे, म्हणून सुरुवात 'यक्षांची देणगी' या संग्रहापासून करा. एक कथा जेवणानंतर अर्ध्या तासात होते आणि बारावीच्या वेळापत्रकात बसते. त्यांच्या पहिल्या कथेची हकिगत तिला आधी सांगून टाका, कुतूहल वाढेल. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस मिळालंच.

'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा तर तुमच्या मुलीसाठीच लिहिल्यासारखी आहे. सुरुवात क्रिकेटच्या मैदानावर होते आणि तिथून गाडी मोबियस पट्टीवर जाते. पीळ असलेल्या अवकाशातून फिरून आलेली वस्तू डाव्याची उजवी होऊन येते. कागदाची पट्टी कापून, एक पीळ देऊन, टोकं चिकटवून तिच्यासमोर टेबलावर ठेवा, बाकी ती करेल. केमिस्ट्रीत सध्या तिला आरशातल्या प्रतिमेसारखे रेणू शिकवत असतील. डाव्याचा उजवा झालेला माणूस आपल्याकडचा भात खाऊन जगेल का, एवढंच विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

दुसरी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जागे होतात जिथे 1761 साली मराठे जिंकलेत. फरक कुठे पडला? बखरीतल्या एका ओळीत. विश्वासरावांना लागलेली गोळी या दुसऱ्या जगात कानाला चाटून जाते, बस्स. पुढे मुंबईतल्या आझाद मैदानावर हे गृहस्थ रिकामी अध्यक्षीय खुर्ची बघून सवयीनं व्यासपीठावर चढतात आणि श्रोते त्यांना अंडी-टोमॅटोंनी हाणतात. आपल्याकडच्या सभासंस्कृतीवर इतकी गोड चापट मी दुसरीकडे वाचलेली नाही. सीबीएसई शाळांत अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजी पुस्तकात हीच कथा 'द अ‍ॅडव्हेंचर' नावानं होती. शेजारपाजारी कुणाकडे असेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांगा. इंग्रजीची भीती मोडायला याहून स्वस्त उपाय नाही.

कथा पचल्या की 'प्रेषित' आणि मग 'वामन परत न आला'. ही दुसरी 1980च्या दशकातली आहे आणि तिच्या केंद्रस्थानी माणसापेक्षा शहाणा होत जाणारा यंत्रमानव आहे. तुमची मुलगी गृहपाठ ज्याला विचारून करते त्या मोबाइलमधल्या चॅटबॉटबरोबर ही कादंबरी वाचली तर तिला ती जुनी वाटणार नाही. संवाद थोडे पुस्तकी आहेत, हे मात्र कबूल करायला हवं. नारळीकरांची माणसं बऱ्याचदा व्याख्यान देतात.

मराठीतली आणखी तीन नावं भराभर. सुबोध जावडेकरांची 'आकांत': लेखक स्वतः केमिकल इंजिनिअर, विषय भोपाळची वायुगळती. भविष्यातलं काहीच नाही, तरी विज्ञानकादंबरी कशाला म्हणायची हे त्यातून कळतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर': वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची लढाई, एका बैठकीत संपते, मधे पिल्लं मारली जातात, त्यामुळे हळव्या मूडमध्ये देऊ नका. आणि नारायण धारप. धारपांची 'नेनचिम' विज्ञानकथेच्या अंगानं जाते, पण त्यांचा बाकीचा पसारा भयकथांचा आहे आणि एकदा लागला की सुटत नाही. तो परीक्षेनंतर.

आता इंग्रजी. तुम्ही लिहिलंय की तिचं इंग्रजी वाचन सावकाश आहे, म्हणून 'सोप्या' म्हणून 'ट्रेझर आयलंड'सारख्या जुन्या अभिजात कादंबऱ्या घ्याव्यात का. अजिबात घेऊ नका, निदान सध्या तरी. ते पुस्तक 1883चं, त्यात खलाशांची बोली आणि गलबताच्या प्रत्येक दोराचं वेगळं नाव. सेमीतल्या मुलांचं इंग्रजी वेगळ्या वळणाचं असतं. त्यांना घरातल्या सामानाची, कपड्यांची, हवापाण्याची इंग्रजी नावं अडतात. प्रेशर, कॅटॅलिस्ट, व्हेलॉसिटी अडत नाहीत. त्यामुळे बाकीच्यांना जी कादंबरी अवघड वाटते तीच तुमच्या मुलीला सोपी जाईल. विज्ञान जितकं पक्कं तितकी तिची वाट सोपी.

म्हणून पहिली इंग्रजी कादंबरी अँडी वीअरची 'द मार्शियन'. सिनेमा तिनं पाहिला असेल तर उत्तमच, गोष्ट माहीत असली की भाषा हलकी होते. मंगळावर एकटा अडकलेला मार्क वॉटनी रोजनिशी लिहितो, वाक्यं छोटी, विनोद भरपूर. थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी पाठवलेले बटाटे तो मंगळाच्या मातीत लावतो, खत स्वतःचंच. पाणी कमी पडतं, तेव्हा उरलेलं रॉकेटचं इंधन, म्हणजे हायड्रेझीन, इरिडियम उत्प्रेरकावर सोडून त्यातला हायड्रोजन वेगळा काढतो आणि तो थोडा थोडा जाळत पाणी करतो. आणि मग स्फोट होतो. का? सगळा हिशोब केला, पण आपल्याच उच्छ्वासातून ऑक्सिजन बाहेर पडतो हे तो विसरला. प्रॅक्टिकलला नळी फुटलेल्या कुठल्याही मुलीला हा माणूस आपला वाटेल. वर तिला एक काम द्या: ज्या वादळानं गोष्ट सुरू होते ते मंगळावर होऊ शकेल का, हे शोधायला लावा. तिथल्या हवेचा दाब आपल्या इथल्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तेव्हा तसं वादळ माणसाला उडवू शकत नाही. लेखकालाही ते माहीत होतं, पण गोष्ट सुरू करायला हवी ना!

तुमच्या शिव्यांच्या प्रश्नाचं टोकाचं उदाहरण हेच पुस्तक आहे. पहिल्याच वाक्यात शिवी आहे आणि ती शेवटची नाही. शिव्या काढून टाकलेली शाळांसाठीची 'क्लासरूम एडिशन' मिळते, हवी तर ती मागवा. माझं मत विचाराल तर नेहमीची द्या. कॉलेजच्या कट्ट्यावर ती रोज याहून जास्त ऐकते आणि मंगळावर एकट्या पडलेल्या माणसानं "अरेरे" म्हटलेलं तिला पटणारही नाही. त्याच लेखकाच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी'चा (2021) नायक शाळेत विज्ञान शिकवणारा, त्यामुळे तोंड फारच आवरून बोलतो. पण पुस्तक जाड आहे, दुसऱ्या नंबरला ठेवा.

आर्थर क्लार्कची 'राँदेव्हू विथ रामा' (1973) मात्र बारावीच्या फिजिक्सच्या पहिल्या धड्याबरोबरच द्यायला हवी. सूर्यमालेत एक प्रचंड दंडगोल शिरतो, 50 किलोमीटर लांब, आतून पोकळ, कुणी बनवला माहीत नाही. ग्रीक-रोमन देवांची नावं वापरून संपली म्हणून शास्त्रज्ञ त्याला 'रामा' हे आपल्याकडचं नाव देतात. आत उतरलेल्या माणसांना पायाखाली वजन जाणवतं, कारण हा नळा स्वतःभोवती फिरतोय. आतली त्रिज्या 8 किलोमीटर, साधारण चार मिनिटांत एक फेरी. तिला सूत्र येतं, मांडायला सांगा: पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून थोडं जास्त उत्तर येईल आणि क्लार्कचा हिशोब चोख होता हे तिला स्वतःच्या वहीत दिसेल. पात्रं कागदी आहेत, भावनांचा कल्लोळ नाही. ज्यांना माणसांपेक्षा जागा आवडतात त्यांच्यासाठी हे पुस्तक.

माणसं हवी असतील तर नेडी ओकोराफोरची 'बिंटी' (2015). ही छोटेखानी आहे, शंभराच्या आसपास पानं, आणि ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळालेत. सोळा वर्षांची बिंटी नामिबियातल्या हिंबा समाजातली. त्या समाजातून कुणी कधी गेलं नाही अशा, दुसऱ्या ग्रहावरच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळतो. गणितात हुशार. घरच्यांचा विरोध. केसांना, अंगाला लाल मातीचा लेप लावून ती निघते, बाकीचे प्रवासी त्या मातीला नाकं मुरडतात आणि पुढे यानावर हल्ला होतो तेव्हा तीच माती कामी येते. आपल्याकडच्या साहसकथांत मुली बहुतेक वाट बघायलाच असतात, म्हणून ही मी मुद्दाम सुचवते. फक्त एक सांगून ठेवते, बिंटी घरातून पहाटे कुणाला न सांगता निघून जाते. पुढच्या जूनमध्ये पुण्या-मुंबईच्या कॉलेजचा विषय निघेल तेव्हा तुमच्या घरात याचे पडसाद उमटले तर मला पत्र पाठवू नका!

ज्यूल व्हर्नबद्दल तुम्ही विचारलंय. भागवतांची 'समुद्रसैतान' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' तिनं लहानपणी वाचली असतील, पण मूळ व्हर्न मोठ्यांसाठीच लिहिणारा होता. 'ट्वेन्टी थाउजंड लीग्ज'चं जुनं प्रचलित इंग्रजी भाषांतर टाळा. 1870च्या दशकातलं ते भाषांतर पुस्तकाचा जवळजवळ पाचवा हिस्सा कापून केलेलं आहे. प्रोजेक्ट गटेनबर्गवर एफ. पी. वॉल्टर यांचं पूर्ण भाषांतर फुकट आहे, ते घ्या. आणि त्यापुढचं 'द मिस्टेरियस आयलंड' वाचलं की कळतं, पाणबुडीतला कॅप्टन नेमो मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र डाकार, 1857च्या उठावात लढलेला आणि सगळं गमावून समुद्रात गेलेला. व्हर्नची 1880ची 'द स्टीम हाउस' तर सुरूच होते 1867 सालच्या औरंगाबादेत, भिंतीवर लागलेल्या बक्षिसाच्या जाहीरनाम्यानं. पकडून द्यायचंय 'दांडू-पंत' यांना, म्हणजे आपल्या धोंडोपंत नानासाहेब पेशव्यांना! इंग्रज मंडळी वाफेवर चालणाऱ्या लोखंडी हत्तीला चाकांची घरं जोडून हिंदुस्थान फिरतात आणि नानासाहेब त्यात खलनायक आहेत. वाचताना राग येतो, येऊ द्या. सतराव्या वर्षी एखाद्या पुस्तकाशी भांडण होणं चांगलंच.

काही पुस्तकं तिच्या मैत्रिणी सुचवतील, पण यंदा नकोत. 'ड्यून' भव्य आहे, पण पहिली शंभर पानं नावं आणि घराणी लक्षात ठेवण्यातच जातात, आणि बारावीच्या वर्षात अर्धवट सोडलेलं जाड पुस्तक पुढच्या पुस्तकाचाही उत्साह घालवतं. लिउ त्सिशिनची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' फिजिक्सवाल्यांना वेड लावते. तिच्या इंग्रजी आवृत्तीची सुरुवातच चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत एका प्राध्यापकाला मुलीच्या डोळ्यांदेखत मारून टाकण्यानं होते. ही सीईटीनंतरच्या सुट्टीत द्या, आणि आधी तुम्ही वाचा.

मारझोडीबद्दल माझा नियम हाच: रक्त किती सांडलं ते मोजू नका, त्या मारण्याचं पुढे काय झालं ते लेखक दाखवतो का, ते बघा. 'सत्तांतर'मध्ये दाखवलंय, 'बिंटी'मध्ये दाखवलंय. नायक पन्नास माणसं लोळवून चहा प्यायला बसतो अशी पुस्तकं अश्लील नसली तरी मला कमी प्रतीची वाटतात. बंदी मात्र त्यांच्यावरही घालू नका. बंदी घातली की ती मोबाइलवर पीडीएफ शोधेल.

देण्याची पद्धत. "वाच, खूप चांगलं आहे" म्हणून हातात ठेवू नका, आणि वाचल्यावर "काय शिकलीस?" तर मुळीच विचारू नका. पन्नास पानांत पकड घेतली नाही तर सोडून द्यायची तिला मोकळीक हवी. 'रारंग ढांग' आणि 'यक्षांची देणगी' तुमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात असण्याची शक्यता दाट आहे. नसतील तर ग्रंथपालांना सांगून जवळच्या 'अ' वर्ग वाचनालयातून मागवता येतात का बघा. वर्गणी तिच्या नावानं भरा आणि कार्ड तिच्याकडेच राहू द्या. दिवाळीच्या सुमारास वाचनालयात 'नवल' आणि 'धनंजय'चे जुने अंक स्वस्तात निघतात, त्यात विज्ञानकथा आणि रहस्यकथा हमखास असतात. दोन-चार उचला आणि जेवणाच्या टेबलावर टाकून ठेवा. पण त्याआधी, या आठवड्यात, 'रारंग ढांग' आणा आणि पहिल्यांदा तुम्हीच वाचायला घ्या. वाचलं नसेल तर तुम्हालाही आवडेल, आणि घरात कुणी तरी मोबाइल सोडून रात्री बारापर्यंत जागतंय हे तिच्या नजरेतून सुटणार नाही.